उखळी तोफेचा आकडा कसा वाचावा

आजोळी ज्यांनी भात कांडायचे उखळ पाहिले आहे, त्यांना उखळी तोफ समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. इथे रायपुरात उखळाला ओखली म्हणतात. इंग्रजीत तर खल आणि ही तोफ, दोन्हींना मॉर्टर हाच शब्द. नळी आखूड, तोंड वर. गोळा उंच चढून तटापलीकडे पडतो. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर असेच गोळे टाकले आणि गडावरचे वाडे जळाले.

नळीच्या आतल्या व्यासाला कॅलिबर म्हणतात. अमेरिकी उखळी तोफा ओळखताना घोटाळा होतो तो इथेच, कारण नावातला आकडा नेहमी खरा व्यास सांगत नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) कोहॉर्न नावाची छोटी '२४ पौंडी' तोफ होती. २४ पौंडांचा भरीव लोखंडी गोळा बसेल एवढे तिचे तोंड, म्हणजे ५.८२ इंच किंवा १४८ मिमी. ती जो पोकळ, दारू भरलेला गोळा टाकी, तो मात्र वजनाने बराच कमी असे. मोठ्या तोफांची नावे सरळ इंचांत. १८६४ मध्ये पीटर्सबर्गच्या वेढ्यात रेल्वेच्या वाघिणीवर चढवलेली 'डिक्टेटर' १३ इंची होती.

पहिल्या महायुद्धातली स्टोक्स तोफ सगळ्यात फसवी. नाव '३ इंची', म्हणजे ७६ मिमी हवे. नळी मात्र ८१ मिमी. फ्रान्सच्या ब्रांने तिच्यात सुधारणा केली आणि पुढे अमेरिकेने ८१ मिमी एम-१ घेतली. आकडा नवा, व्यास जुनाच! ६० मिमीची एम-२ सुद्धा मूळ ब्रांचीच.

एक मिलिमीटरही इथे लहान नाही. ८१ मिमीचा बॉम्ब रशियन ८२ मिमीच्या नळीत उतरतो, पण ८२ मिमीचा ८१ मध्ये जात नाही. आपल्या लष्करात ५१, ८१ आणि १२० मिमी आहेत.

अमेरिकेची ४.२ इंची (१०७ मिमी) मुळात रासायनिक विभागाची, धूर व वायूसाठी. दुसऱ्या महायुद्धात तिने स्फोटक बॉम्बही टाकले. तिच्या नळीत आटे असतात, म्हणून व्यास मोजायचा तो आट्यांच्या वर आलेल्या कडांमधला. १९९० च्या दशकात तिची जागा गुळगुळीत नळीच्या १२० मिमीने घेतली. जुन्या फोटोत नळीच्या तोंडाशी आटे दिसले आणि शेजारच्या बॉम्बला शेपटीचे पंख नसले, तर ती बहुधा ४.२ इंचीच.