वादळाचा डोळा

चेन्नईत बर्फ पडत नाही. घरबसल्या सुट्टीची मजा आम्हांला दिली ती ‘वरदा’ चक्रीवादळाने, सोमवार, १२ डिसेंबर २०१६ रोजी.

शाळा बंद होत्या. आईने सकाळीच बादल्या भरून ठेवल्या. वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात पत्त्यांचा डाव रंगला आणि पिठलं-भात झाला. बाहेर वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. तो उत्तरेकडून येत होता, म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांच्या फटींत आम्ही टॉवेल कोंबले होते.

दुपारनंतर वारा एकाएकी पडला. पडलेली झाडे पाहायला दादाने चपला घातल्या. बाबा दारात आडवे उभे राहिले. “थांब! वादळ गेलेलं नाही, त्याचा डोळा आलाय.”

डावाच्या हिशेबाच्या कागदावर त्यांनी वर्तुळ काढले. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. केंद्रात वारा मंद असतो, हवेचा दाब मात्र तिथेच सर्वांत कमी. वादळ पूर्वेकडून येऊन माथ्यावरून पश्चिमेला सरकले, की आधी उत्तरेचा वारा, मग शांतता आणि मग थेट दक्षिणेचा. एका बाजूने हललेली झाडे दुसऱ्या बाजूच्या धक्क्याने कोसळतात. (दादाला हे पटले नव्हते, तो चपला घालूनच बसला.)

आम्ही टॉवेल काढून दक्षिणेच्या खिडक्यांत कोंबले. शेवटचा टॉवेल हातात असतानाच तावदाने थडथडली. थोड्याच वेळात फाटकावरचा कडुनिंब आडवा झाला.