पोपडे उडणारी भिंत आणि घरचा पेंटर

प्रश्न : आमची इमारत वीस-बावीस वर्षांची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीखालच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते आणि रंगाचे पोपडे उडतात. दोन वर्षांपूर्वीच सगळं घर रंगवून घेतलं होतं. आता पेंटरने सांगितलेला आकडा ऐकून मुलगा म्हणतो, दिवाळीआधी हॉल आपणच रंगवू. जमेल का? आणि पैसे खरोखर वाचतील का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल, आणि वाचतीलही. फक्त खिडकीची ती भिंत या दिवाळीला रंगवू नका. बाकीच्या तीन खुशाल रंगवा.

रंगाला दोष देण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा ओल्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढून बघा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर ओल भिंतीतूनच येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं असेल तर दोष कोंदट हवेचा. आतला नळ किंवा पाइप झिरपत असेल तर ओल बारा महिने राहते. तुमची पावसातच येते आणि तीही खिडकीखाली. म्हणजे खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातली फट, बाहेरच्या बाजूने उतार नसलेली सिल किंवा बाहेरच्या गिलाव्याची भेग, यांपैकीच काहीतरी. चौकटीची फट आतून हात पोचेल तेवढी स्वतः सिलिकॉन सीलंटने भरता येते. बाहेरच्या भेगेसाठी खिडकीतून लोंबकळायचं नाही. सोसायटीला अर्ज द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं हा संस्थेचा खर्च आहे. तुमच्या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोठी बचत बहुधा या एका कागदावर होईल, आणि लोक नेमका तोच लिहायचा कंटाळा करतात.

पोपडे का उडतात तेही सांगतो. विटांत आणि सिमेंटमध्ये क्षार असतात. पाणी त्यांना विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक रंगाच्या आड वाढतात आणि रंगाला ढकलून सोडवतात. बोटाला लागणारी पांढरी भुकटी, आपण ज्याला लोणा लागला म्हणतो, ती हीच. रंग कितीही भारी आणा, ओल आत आहे तोवर तो टिकणार नाही. सैल झालेला रंग आणि पुट्टी आत्ताच खरवडून भिंत उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्याने तो विरघळून पुन्हा आत जातो. त्या भिंतीला सोफा किंवा कपाट टेकवू नका. हिवाळाभर तिला वारा लागू द्या. पाहुण्यांना दिसेल ते दिसेल.

आता उरलेल्या तीन भिंती. पेंटरकडून नेहमी दोन भाव मागा, मटेरियलसह आणि फक्त मजुरीचा. फरक कळला की आपल्या हाताची किंमतही कळते. रंगकामातली मेहनत ब्रश फिरवण्यात कमी आणि आधीच्या तयारीत जास्त असते, आणि घाईत असलेला कामगार काटछाट करतो तीही तिथेच. घरच्या माणसाकडे रविवार असतात, म्हणून हे काम त्याने घ्यावं. सुटलेला रंग पत्र्याने काढा आणि पॉलिश पेपर मारा. जुना डिस्टेंपर तळहाताला पांढरा लागत असेल तर तो पूर्ण खरवडावाच लागतो. खड्डे पुट्टीने भरताना एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या, दुसरा पहिल्याच्या आडवा. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी कालवल्यावर दोन-तीन तासांत वापरून टाकावी लागते, तेव्हा घमेलंभर कालवू नका. वाळल्यावर भिंतीला अगदी लागून तिरका बल्ब धरा. दिवसा न दिसलेला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. घासताना पंखा बंद आणि तोंडाला मास्क. मग धूळ पुसा, प्राइमर लावा आणि रंगाचे दोन हात द्या. एक भिंत हाती घेतली की संपवूनच चहा प्या. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा रोलर फिरला की पट्टे उठतात.

रंग किती आणायचा? समजा हॉल 12 बाय 10 फूट आणि उंची साडेनऊ. चार भिंती मिळून 418 चौरस फूट. दहा फुटी ओली भिंत आणि एक दरवाजा वगळला तर जेमतेम 300 उरतात. इमल्शन दोन हातांसाठी लिटरला साधारण 120 चौरस फूट पुरतं, म्हणजे अडीच लिटर. चार लिटरचा डबा घ्या, उरलेल्यात हिवाळ्यानंतर चौथी भिंत होईल. नंतर नवा डबा आणला तर मशिनवर मिसळलेल्या छटेत फरक पडू शकतो. झाकण घट्ट लावा आणि शेड नंबर डब्यावर लिहून ठेवा.

छत मात्र मी पेंटरलाच देईन. मान वर करून तासभर रोलर फिरवल्यावर मुलाचा उत्साह किती उरतो ते बघाच. स्विचबोर्डांच्या पट्ट्या काढायच्या तर मेन स्विच बंद करून. वायरिंगला हात नको.

खिडकीच्या ग्रिलवर आणि दरवाजांवर इमारत झाली तेव्हाचा ऑइलपेंट असेल तर जपून. घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये ते बरंच जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका, आणि टॉर्चने जाळून तर मुळीच काढू नका. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि निघालेला चिखल फडक्यासकट पिशवीत बांधा. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नसलेली बरी. जुना रंग घट्ट असेल तर खरवडायचंच नाही. हलकं ओलं घासून, वाळवून त्यावर नवा हात द्या.