हे नाव कोणी सांगितलं?

आमच्या घराण्याची वंशावळ गोळा करायला घेतली, तेव्हा नव्या पोरांनी आधी गोंदियाची कार्यालयं गाठली आणि हात हलवत परत आली. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या जन्मदाखल्यावर जिल्हा गोंदिया लिहिलेला. पण हा जिल्हा जन्मला १ मे १९९९ ला. त्याआधी सगळं भंडारा. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी तर आपण मध्य प्रदेशात होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या काळात, भंडारा जिल्ह्याला भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या, म्हणून खुद्द गोंदियाच्या आसपासच्या गावांच्या जुन्या कागदांवर तहसील तिरोडा दिसते. त्यात आमच्या पोवार समाजाचे निम्मे सोयरे नदीपलीकडे, बालाघाटात. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून झाला. पणजोबांचा भाऊ लांजीकडे गेला असेल तर त्याच्या नातवंडांचे कागद आज दुसऱ्या राज्यात. तेव्हा वंशावळीला हात घालणाऱ्याने आधी आपल्या गावाची तहसील, जिल्हा आणि प्रांत कोणत्या साली कोणता होता, हे एका कागदावर मांडून घ्यावं. मगच गाडीला किक मारावी.

आता कागदांचं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर सगळ्यात हाताशी येतं. त्यात नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख हे सगळं मिळतं. जन्मतारखेवर मात्र फार भरवसा ठेवू नका. आमच्या घरातले अर्धेअधिक लोक १ जुलैला जन्मले आहेत, म्हणजे गुरुजींनी जन्माला घातले आहेत. त्याहून जुनं हवं असेल तर कोतवाल बुक. गावचा कोतवाल ठाण्यावर जाऊन कोणाकडे जन्म झाला, कोण मेलं ते सांगायचा आणि तिथे ते नोंदलं जायचं. शेतीसाठी जमीन-बंदोबस्ताचे कागद आहेत, आणि मालगुजारी पद्धत गेल्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेला अधिकार अभिलेख आहे. जुनी पानं मोडी लिपीत निघाली तर वाचणारा माणूस शोधावा लागतो, आणि अंदाजाने वाचणारे पुष्कळ भेटतात.

कोतवाल बुकाचं एक पान समोर धरा. ओळीत बापाचं नाव, ‘वल्द’ लावून आजोबाचं नाव, जात, साकिन म्हणजे राहण्याचं गाव. बाळाच्या रकान्यात मात्र नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल सांगून मोकळा झालेला असतो. बाईचं नाव आलंच तर ‘जौजे’ (बायको) किंवा ‘बेवा’ (विधवा) म्हणून, नवऱ्याच्या शेपटीला. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं उलटाल तर मृत्यूचं कारण म्हणून ओळीमागून ओळ ताप, ताप, ताप. ती इन्फ्लुएंझाची साथ. आमच्या घराण्यातली एक अख्खी फांदी त्या तापात गेली, पण कोणाच्या तोंडी तिचा उल्लेखही उरलेला नव्हता.

म्हणजे कागद नाव देत नाही आणि माणसं वर्ष देत नाहीत. दोन्हींचा मेळ घालताना जो घोळ होतो, तोच सांगायला हा लेख लिहितोय.

आमच्याकडे वारावरून नाव ठेवायची रीत होती. बुधवारी झाला तो बुधराम, मंगळवारचा मंगरू, रविवारचा इतवारी. चार भावांच्या घरात पन्नास वर्षांत किती इतवारी होतील याचा विचार करा. आमच्या सामायिक नोंदवहीत, म्हणजे गुगल शीटमध्ये, ‘इतवारी वल्द बुधराम’ दोनदा आला. नागपूरला असलेल्या आमच्या एका हुशार पुतण्याला वाटलं, चुकून दोनदा लिहिलंय. त्याने एक ओळ उडवली आणि उडालेल्या इतवारीचे तीन मुलगे उरलेल्याच्या खाली लावले. रात्री अकरा वाजता, चांगल्या मनाने. शीटमध्ये कोणी काय बदललं याचा इतिहास राहतो, पण तो बघतो कोण? तोवर शीटची एक्सेल फाईल करून लोकांनी ती व्हॉट्सॲपवर पाठवली होती. ‘वंशावळ फायनल’, मग ‘वंशावळ फायनल २’, मग ‘फायनल नवी’. तिन्ही वेगळ्या.

भानगड उघडी पडली ती घरातल्या एका मुलाला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवं झालं तेव्हा. त्याच्या वडिलांनी शपथपत्राला जोडलेली वंशावळ ‘फायनल २’ मधून उतरवली. चुलत काकाजींना आधीच वैधता मिळालेली होती, त्यांच्या प्रकरणातली वंशावळ वेगळी. एकाच खापरपणजोबाखाली दोन झाडं. जातपडताळणी समितीकडून विचारणा झाली, आणि ती रास्तच होती. पुन्हा शपथपत्र, पुन्हा दाखल-खारीजच्या नकला, प्रवेशाची मुदत डोक्यावर.

सुटका केली ती आत्याबाईंनी. ऐंशी ओलांडलेल्या, कानाने कमी. त्यांनी पोवारीत सरळ सांगून टाकलं की इतवारी दोन होते, दोघांच्या बापाचं नाव बुधराम, पण एक बुधराम खालच्या टोलीतला, म्हणजे खालच्या वस्तीतला. तो इतवारी बैलांचा व्यापार करायचा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या घरी मुक्कामाला असायचा. एवढं ऐकल्यावर दाखल-खारीजमधली दोन गावं वेगळी का आहेत ते उमगलं.

त्या दिवसापासून आमच्या वहीत नावाची ओळ अशी लिहितात: इतवारी, बुधराम यांचा मुलगा, खालची टोली, बैलांचा व्यापार, सांगणार आत्याबाई, त्यांनी ऐकलं सासऱ्यांकडून, कागद: मुलाची शाळेतली नोंद, स्वतःचा जन्म सापडला नाही. ओळ लांब होते, दिसायला वाईट दिसते. पण पुढे कोणी तिला हात लावायचा म्हटलं तर त्याला आत्याबाईंच्या सांगण्याला उत्तर द्यावं लागतं. माझं ठाम मत असं की ज्या नावापुढे सांगणाऱ्याचं नाव नाही, ते नाव वंशावळीत पेन्सिलीनेच राहावं. सामायिक वही बिघडते ती लबाडीने कमी, बेवारशी माहितीने जास्त.

पोवारांमध्ये हे काम पूर्वी भाट करत. ते पोथी घेऊन येत, मान घेत, नवी नावं चढवून जात. छत्तीस कुरांची, म्हणजे कुळांची, नावं, धार-माळव्याकडून नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात आल्याची हकीकत, हे सगळं त्या परंपरेतून आलं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात इथल्या पंवारांबद्दल लिहिलं, त्यातही नगरधन येतं. पोथीचा मान मोठाच. पण पोथीतल्या वरच्या पिढ्या आणि तुमच्या खापरपणजोबांच्या मध्ये मोठं भगदाड असतं. हौशी मंडळी त्यावर एका रात्रीत पूल बांधतात आणि थेट राजा भोजापर्यंत पोचतात. आमच्याकडेही एका काकाजींनी तो पूल बांधून दिला होता, रंगीत छापून. तो फ्रेम करून बैठकीत लावला आहे, वहीत घेतलेला नाही. जिथे सांगणारा आणि कागद दोन्ही संपतात, तिथे रेघ मारून थांबावं. परंपरेची हकीकत वेगळ्या पानावर, परंपरा म्हणूनच लिहावी.

आडनावावरून शोधणाऱ्यांना आणखी एक इशारा. आमच्यात पारधी हे आडनाव आहे, ठाकरे आहे, चौहान आहे, भगत आहे. हीच नावं दुसऱ्या समाजांत आडनाव म्हणून किंवा जात म्हणून असतात. जातीच्या रकान्यातही कुठे पोवार, कुठे पवार, कुठे पंवार. नाव जुळलं म्हणून माणूस जुळवू नका. गाव, बाप आणि टोली जुळू द्या.

आता मुलींचं. आमच्या पहिल्या मसुद्यात मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि विसरल्या म्हणून नव्हे. दोन घरांनी स्पष्ट सांगितलं की बहिणींची नावं चढवू नका, उद्या वावरात हिस्सा मागतील. हा अगदी खुळा समज आहे. मुलीचा हक्क तुमच्या वहीतून येत नाही. तो २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने दिलाय, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलंय. वहीतून नाव गाळलं तरी फेरफाराच्या वेळी ती वारस असायची ती असणारच. गाळण्याने एकच होतं, सासरी गेलेल्या बहिणी माहिती देईनाशा होतात. आणि खरी माहिती त्यांच्याचकडे असते. नदीपलीकडचे सगळे धागे आम्हाला लेकीबाळींनीच आणून दिले.

पाटाच्या लग्नाची गोष्ट मात्र नाजूक. आमच्याकडे विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, त्यात कोणी वावगं मानत नसे. तरी ‘दुसरी बायको, पाटाची’ असा शेरा ग्रुपवर दिसल्यावर एका घराने बोलणंच टाकलं. आता आम्ही आईचं नाव लिहितो, मुलांची नावं तिच्याखाली लिहितो, आणि शेरा लिहीत नाही. दत्तकाची नोंद करतो, कारण कागदाशी ताळा लागतो, पण त्या घराला आधी विचारून.

सरकारी कामाची वंशावळ आणि घरची वही या दोन वस्तू आहेत, हे पोरांना पुनःपुन्हा सांगावं लागतं. जातवैधतेला बापाकडची रक्ताची माणसं लागतात, आणि ठरावीक तारखेच्या आधीचे पुरावे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. शपथपत्रावरची प्रत्येक ओळ सही करणाऱ्याच्या अंगावर असते. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून तर गावोगाव वंशावळ हा शब्द ऐकू येतो आणि कुठूनही आलेली फाईल जोडायची घाई दिसते. घरातल्या कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर त्या प्रकरणातली वंशावळ मागून घ्या आणि तुमची तिच्याशी ताडून बघा. फरक निघाला तर शपथ घेण्याआधी मिटवा.

शेवटचं, वही वाटण्याबद्दल. आम्ही आता लिहिण्याचा अधिकार दोघांनाच ठेवलाय, एक गावातला आणि एक बालाघाटकडचा. बाकी सगळे वाचतात, दुरुस्ती फोनवर किंवा कागदावर कळवतात, आणि वर्षातून एकदाच, अक्षय तृतीयेला, तारीख घालून नवी प्रत निघते. फाईलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द चालत नाही.

आणि हयात माणसांचं फक्त नाव आणि गाव. पहिल्या वहीत जन्मतारीख, मोबाईल, शिक्षण, आईचं माहेर असे रकाने होते. ती फाईल ग्रुपबाहेर गेली आणि लग्न जुळवणाऱ्या कोणाच्या तरी हाती लागली. बारावीत असलेल्या पोरींच्या फोनवर स्थळं येऊ लागली. एवढ्यावर निभावलं म्हणायचं, कारण जन्मतारीख, मोबाईल आणि आईचं माहेरचं आडनाव एका ओळीत मिळालं की बँकेच्या नावाने फोन करणाऱ्या ठगाचं निम्मं काम होतं. तुमच्या घराण्याची अशी फाईल फिरत असेल तर हे रकाने आजच पुसा, नवी प्रत काढा, आणि जुनी काढून टाकायला प्रत्येकाला फोन करून सांगा. ग्रुपवर लिहून कोणी करत नाही.