आरोग्य विम्यातील फसवणूक : संशयापासून पुराव्यापर्यंत

आरोग्य विमा ही परस्पर साहाय्याच्या तत्त्वावर उभी असलेली व्यवस्था आहे. अनेकांनी भरलेल्या हप्त्यांतून एक निधी तयार होतो आणि त्यांपैकी जे आजारी पडतात, त्यांच्या उपचारांचा खर्च त्या निधीतून भागविला जातो. त्यामुळे खोटा दावा मंजूर झाल्यास तोटा केवळ विमा कंपनीचा होत नाही. वाढीव हप्त्याच्या रूपाने तो प्रामाणिक विमाधारकापर्यंत पोहोचतो. याउलट, खरा दावा निव्वळ संशयावरून नाकारला गेला, तर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत रुग्णालयाच्या देयकात संपून जाते. फसवणुकीचे अन्वेषण करताना या दोन्ही अन्यायांचे भान ठेवावे लागते.

पार्श्वभूमी

भारतात मेडिक्लेम योजना १९८६ मध्ये सुरू झाली. कॅशलेस उपचारांची सोय रूढ झाल्यावर विमाधारक, रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यातील व्यवहार अधिक गुंतागुंतीचा झाला. विमा असलेल्या रुग्णांकडून अवाजवी आकारणी केली जाते, अशी तक्रार करून सार्वजनिक क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी जुलै २०१० मध्ये मुंबई, दिल्ली, बंगळूर व चेन्नई येथील अनेक रुग्णालयांतील कॅशलेस सुविधा थांबविली. त्याची झळ प्रामाणिक रुग्णांनाही बसली. पुढे २०१३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने प्रत्येक विमा कंपनीने संचालक मंडळाने मंजूर केलेले फसवणूक-प्रतिबंधक धोरण राबवावे, असे निर्देश दिले.

फसवणुकीचे प्रकार

फसवणूक करणारा नेहमी विमाधारकच असतो, असे नाही. पुढील चार ठिकाणी ती संभवते :

१. विमाधारक : जुना आजार दडविणे, दुसऱ्याच्या नावावर उपचार घेणे, बनावट देयके सादर करणे.

२. रुग्णालय : न केलेल्या तपासण्यांची आकारणी, गरज नसता रुग्णास दाखल करून घेणे, साध्या उपचारास मोठ्या शस्त्रक्रियेचे नाव देणे.

३. मध्यस्थ : प्रस्तावपत्रात खोटी माहिती भरणे, हप्त्याची रक्कम परस्पर वापरणे.

४. अंतर्गत कर्मचारी : संगनमताने दावे मंजूर करणे.

यांपैकी संपूर्ण बनावट दावा तुलनेने लवकर उघडकीस येतो. आजार खरा, पण देयक फुगविलेले, असा दावा ओळखणे अधिक कठीण असते.

खूण म्हणजे पुरावा नव्हे

विमापत्र घेतल्यानंतर अल्पावधीत आलेला दावा, घरापासून फार दूरच्या लहान रुग्णालयातील उपचार, एकाच डॉक्टरांकडून येणारे एकसारखे दावे, पूर्ण आकड्यांतील देयके अशा बाबी संगणक प्रणाली चटकन वेगळ्या काढते. परंतु अशी खूण केवळ प्रश्न उपस्थित करते. उत्तर देत नाही.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ही योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा तिच्यावरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडण्यात आला. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावांपुढे एकच भ्रमणध्वनी क्रमांक असून त्याचे दहाही अंक नऊ असल्याचे त्यात नमूद होते. ही माहिती वाचून लाखो बोगस रुग्णांची शंका येणे स्वाभाविक होते. लाभार्थ्याची ओळख आधारद्वारे पटविली जाते, भ्रमणध्वनी क्रमांकावरून नव्हे, असा खुलासा शासनाने केला. म्हणजे नोंदी सदोष होत्या हे खरे. पण तेवढ्यावरून प्रत्येक नावामागे फसवणूक होती, असे सिद्ध होत नाही.

त्याच अहवालात एकच रुग्ण एकाच काळात दोन रुग्णालयांत दाखल असल्याच्या नोंदीही आढळल्या. बाळाचा जन्म एका रुग्णालयात झाला आणि त्यास विशेष उपचारांसाठी आईच्याच ओळखक्रमांकावर दुसऱ्या रुग्णालयात हलविले, तर अशी नोंद होते, असे स्पष्टीकरण त्यावर देण्यात आले. कोणत्या नोंदीमागे नवजात बालक आहे आणि कोणत्या नोंदीमागे लबाडी, हे प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासल्यावरच ठरते.

अन्वेषण कसे चालते

कल्पना करावी की, विषमज्वरासाठी चार दिवस रुग्णालयात राहिल्याचा एक दावा आला आहे. औषधांची देयके चार वेगवेगळ्या दिवसांची आहेत. मात्र त्यांचे अनुक्रमांक लागोपाठचे आहेत. ती सर्व एकाच बैठकीत लिहिली असावीत, अशी शंका येते. पण रुग्णालयातील औषध दुकान दाखल रुग्णांसाठी स्वतंत्र देयकपुस्तिका ठेवत असेल, तर हा क्रम स्वाभाविकही असू शकतो.

म्हणून अन्वेषक मूळ केस पेपर मागवितो. परिचारिकेने ठेवलेला ताप व नाडीचा तक्ता, औषध दिल्याच्या नोंदी आणि औषधांची देयके तो परस्परांशी ताडून पाहतो. बारा इंजेक्शनांचे पैसे लावले असतील, तर बारा वेळा ती दिल्याची नोंद हवी. औषधाचा बॅच क्रमांक दुकानाच्या खरेदी देयकाशी जुळावयास हवा. देयकाच्या तारखेनंतर उत्पादित झालेली बॅच त्यावर असेल, तर ते देयक खरे असू शकत नाही. रक्ततपासणीची नोंद प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आहे काय, हेही पाहिले जाते. त्यानंतर रुग्णाची भेट घेतली जाते. दाखल असल्याच्या दिवशी त्याच्या कार्यालयाच्या हजेरीपटावर त्याची उपस्थिती असेल, तर ही विसंगती गंभीर ठरते.

एकमेकांपासून स्वतंत्र असलेले दोन-तीन पुरावे एकाच दिशेने बोट दाखवू लागले, म्हणजे संशयाचे रूपांतर निष्कर्षात होते. तोपर्यंत रुग्णास त्याची बाजू मांडण्याची संधी मिळणे न्याय्य होय.

कायद्याची बाजू

विमा करार परम विश्वासावर आधारलेला असतो. मूत्रपिंडाचा विकार व मधुमेह दडविल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दावा नाकारणे योग्य ठरविले. याउलट, प्रस्तावकाने मधुमेह असल्याचे कळविल्यानंतरही विमापत्र दिले गेले होते, अशा एका प्रकरणात न्यायालयाने २०२१ मध्ये विमाधारकाच्या बाजूने निर्णय दिला.

नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने विमा चालू राहिल्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणावरून दाव्यास हरकत घेता येत नाही. फसवणूक सिद्ध झाल्यास मात्र हे संरक्षण मिळत नाही. दावा पुनरावलोकन समितीच्या किंवा तत्सम समितीच्या संमतीवाचून तो नाकारताही येत नाही. बनावट दाव्याद्वारे रक्कम मिळविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा असून त्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

ग्राहक व कर्मचाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

बँका विमा कंपन्यांच्या वतीने विमापत्रांची विक्री करीत असल्यामुळे शाखेतील कर्मचाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. प्रस्तावपत्रातील आरोग्यविषयक प्रश्नांपुढे ग्राहकास न विचारता सरसकट ‘नाही’ असे लिहिले गेले, तर पुढे त्याचे परिणाम ग्राहकालाच भोगावे लागतात. प्रत्येक प्रश्न ग्राहकास त्याच्या भाषेत समजावून सांगावा व उत्तर त्याच्याकडूनच घ्यावे.

ग्राहकांनी कोऱ्या प्रस्तावपत्रावर वा कोऱ्या दावापत्रावर स्वाक्षरी करू नये. विमापत्र हाती आल्यावर त्यातील माहिती पडताळावी. ते परत करण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. आरोग्य कार्ड कोणासही वापरावयास देऊ नये. कॅशलेस उपचार घेतल्यावरही अंतिम देयक वाचूनच स्वाक्षरी करावी आणि सर्व कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालांकडे दाद मागता येते. तेथे ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो. शुल्क द्यावे लागत नाही व वकिलाचीही गरज नसते.

प्रस्तावपत्रातील खरी माहिती हेच प्रामाणिक विमाधारकाचे सर्वांत मोठे संरक्षण होय. दाव्याविषयी उद्या प्रश्न विचारले गेले, तरी अशा विमाधारकाची कागदपत्रेच त्यांची उत्तरे देतात.