छपराला खिडकी, घराला खोली



घर तेवढेच राहते, माणसे मात्र वाढतात. मुलगा मोठा होतो, सून येते, नातवंडे होतात. वडिलांच्या वेळी ऐसपैस वाटणारे घर मग अपुरे पडते. एकाने झोपायचे, तर दुसऱ्याने उठायचे. पाहुणा आला की म्हाताऱ्याची खाट अंगणात जाते. हे आम्ही ऐकून सांगत नाही. आमच्याच घरची ही गोष्ट आहे.

आमचे गाव यवत. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दौंड तालुक्यात. पलीकडे भुलेश्वराचा डोंगर. कालव्याच्या पाण्यावर ऊस होतो, गुऱ्हाळे पेटतात. पण गावठाणातली जागा काही कालव्याच्या पाण्याने वाढत नाही. शेजाऱ्याची भिंत आमच्या भिंतीला लागून. पुढे रस्ता, मागे बोळ. जागा वाढवायची ती कोठे?

आमच्या घराची लांबी २० फूट आणि रुंदी १८ फूट. म्हणजे २० गुणिले १८, बरोबर ३६० चौरस फूट. वडिलांनी १९६४ साली त्यावर मंगळूरी कौले चढवली. त्याखाली माळा केला. माळ्यावर ज्वारीची पोती, कांदे, गोवऱ्या आणि उंदीर.

२०१८ साली आम्ही हेडमास्तरकीतून निवृत्त झालो. पुढच्या वर्षी आमची नात आठवीत गेली. एके रात्री पाहिले, पोरगी चुलीच्या ओट्याला टेकून गणिते सोडवीत होती. कारण बाकी सगळीकडे माणसे झोपलेली. आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना म्हणालो, "अभ्यासाला एक कोपरा ठरवा." आणि आमच्याच घरात कोपरा नव्हता! तेव्हा आम्ही वर पाहिले. माळा दिसला.

माळ्यावर जागा असते, पण उभे राहता येत नाही

उतरत्या छपराखाली मधोमध उंची असते. कडेला डोके आपटते. आमच्याकडे माळ्याच्या तक्तपोशीपासून भिंतीची उंची ३ फूट. मधल्या आढ्याची उंची साडेसात फूट. भिंतीपासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर ९ फूट. म्हणजे ९ फुटांत छप्पर साडेचार फूट चढते. दोन फूट आत गेले की एक फूट उंची मिळते.

माणसाला उभे राहायला ६ फूट उंची धरा. भिंतीची ३ फूट आहेच. आणखी ३ हवेत. त्यासाठी ६ फूट आत यावे लागते. दोन्ही बाजूंचे मिळून १२ फूट वजा करा. १८ वजा १२, राहिले ६ फूट. म्हणजे माळ्याच्या मधोमध ६ फूट रुंदीचा एक पट्टाच कामाचा. तोही अंधारा, आणि वैशाखात भट्टीसारखा तापणारा.

यावर एक जुना उपाय आहे. छपराच्या एका पाख्याचा थोडा भाग वर उचलायचा आणि पुढे उभी खिडकी बसवायची. थंड मुलुखांत ही रीत फार जुनी. फ्रान्समधल्या पॅरिस शहरात घरोघरी छपरातून अशा खिडक्या डोकावतात. इंग्रजीत या खिडकीचे जे नाव पडले, ते 'झोपणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. कारण अशा खिडकीमागे झोपायची खोली असे. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून पूर्वी मातीचे माळवद असे. त्याला छपरातली खिडकी कशी लागणार? पण १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौले दूरदूर गेली. उतरते छप्पर आले, आणि त्याखाली माळाही आला.

हिशेब

आम्ही उत्तरेकडच्या पाख्याचा ६ फूट लांबीचा भाग उचलायचे ठरवले. भिंतीवर ३ फूट उंचीची नवी लाकडी चौकट उभी करायची. म्हणजे तेथे उंची ६ फूट झाली. तेथून थेट आढ्यापर्यंत नवे छप्पर न्यायचे. याने ६ फूट लांब आणि ६ फूट रुंद जागा नव्याने उभे राहण्याजोगी होते. ६ गुणिले ६, झाले ३६ चौरस फूट. मधला पट्टा २० गुणिले ६, म्हणजे १२०. दोन्ही मिळून १५६. त्यांतून जिन्याच्या भोकाला १८ गेले. हातात राहिले १३८ चौरस फूट.

सरकारच्या २०१६ सालच्या घरकुल योजनेत अख्खे घर किमान २५ चौरस मीटरचे धरले आहे. म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त जागा आम्हाला छपराखालीच सापडली.

दिशा का उत्तर? आपल्याकडे मोसमी वारा आणि पाऊस बहुधा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. दुपारचे ऊनही पश्चिमेचे. म्हणून पश्चिमेला तोंड नको. उत्तरेचा उजेड सौम्य असतो, वाचायला बरा.

आमची चूक

आता चूक सांगतो. मास्तर झाला म्हणून तो चुकत नाही असे नाही.

आमचा सुतार अनुभवी माणूस. तो म्हणाला, "गुरुजी, आधी आढ्याला टेकू देऊ. दोन्ही अंगांना जोडवासे बसवू. मग मधले तीन वासे काढू." आम्हाला घाई. मे महिना सरत आला होता, मृग आठवड्यावर. आम्ही म्हणालो, "अरे, तीन वासे काढल्याने काय होते? टेकूचे लाकूड आणायला दोन दिवस जातील. तू काप." तो मान हलवीत राहिला. पण गुरुजींचा शब्द, मोडायचा कसा? त्याने कापले.

संध्याकाळी वळवाचा वारा सुटला. आढे दोन बोटे खाली बसले. कौले सरकली. एक कौल माळ्याच्या भोकातून खाली आले आणि नातीच्या अंथरुणावर फुटले. पोरगी त्या वेळी पाणी प्यायला उठली होती. घरात कोणी आम्हाला एक शब्द बोलले नाही. सुनेने काचऱ्या गोळा केल्या, अंथरूण झाडले. ते न बोलणेच आम्हाला जास्त लागले.

असे का झाले? छपराचे दोन पाखे म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेली दोन माणसे. एक एकदम उठले की दुसरे मागे पडते. एका बाजूचे वासे काढले, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या वाशांचा रेटा आढ्यावर एकतर्फी आला. खाली खांब नव्हता. आढे वाकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुताराला म्हणालो, "चूक आमची. आता तू सांगशील तसे." तो हसून म्हणाला, "गुरुजी, आमच्या धंद्यात एकच पाढा. आधी टेकू, मग करवत."

रीत कशी असावी

१. आधी घर तपासा. भिंतीला तडा आहे का? तुळईला वाळवी आहे का? चाकूचे टोक लाकडात खुपसून पाहा. सहज आत गेले, तर त्या घरावर काम करू नका. आधी तुळई बदला.

२. माळ्यावरचे ओझे उतरवा. आमच्याकडे सहा पोती ज्वारी होती. पोत्याला एक क्विंटल धरा. म्हणजे ६०० किलो. साठ किलोची दहा माणसे जणू रात्रंदिवस वर बसलेली! पोती खाली आणा, माणसांना वर जाऊ द्या. दोन्ही एकदम नको.

३. ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. घराचा नमुना आठचा उतारा बरोबर न्या. शेजाऱ्याशीही बोला. तुमची खिडकी त्याच्या न्हाणीघरावर उघडू नये. तुमची पागोळी त्याच्या भिंतीवर पडू नये. खिडकीपायी दावा होण्यापेक्षा खिडकी चार फूट सरकवलेली बरी.

४. काम संक्रांतीनंतर काढा आणि होळीच्या सुमारास संपवा. मृग गाठू नका.

५. आढ्याखाली टेकू द्या. उचलायच्या भागाच्या दोन्ही अंगांना एकाच्या जागी दोन वासे जोडून बसवा. त्याच ठिकाणी आढ्याखाली कायमचे खांब उभे करा. खांबाचा पाय खालच्या तुळईवर यावा, नुसत्या फळीवर नको. मग पुढची चौकट आणि नवे वासे बसवा. जुने वासे शेवटी, एकेक करून काढा.

६. नव्या भागावर कौले घालू नका. तेथे ९ फुटांत फक्त दीड फूट उतार मिळतो. एवढ्या कमी उतारावर कौलातून पाणी मागे शिरते. तेथे पत्रा घाला. दहा फुटी पत्रा घेतला की मध्ये सांधा येत नाही, आणि पुढे पागोळीही भिंतीबाहेर पडते.

७. दोन्ही बाजूंच्या तिरप्या भिंती हलक्या ठेवा. फळ्या किंवा पत्रा चालेल. विटा नकोत. या भिंती कौलांना जेथे मिळतात, तेथेच घर गळते. तेथे पत्र्याची पन्हळ करा. तिची एक कड कौलाखाली जावी, दुसरी कड भिंतीवर वीतभर चढावी.

८. पत्रा तापतो. वरून चुन्याचा पांढरा हात द्या. आतून फळ्यांचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे छत करा. पत्रा आणि छत यांत चार बोटे पोकळी ठेवा. समोरच्या बाजूला एक लहान झरोका ठेवा. तापलेली हवा वर चढते, तिला बाहेर जायला वाट हवी.

९. शिडी नको, जिना करा. माळा ९ फूट उंच असेल, तर १०८ इंच झाले. ९ इंचाची एक, अशा १२ चढण्या होतात. धरायला कठडा हवा. भोकाभोवतीही कठडा हवा. खिडकीला गज हवेत. लेकरे वाकतात.

१०. खाली चूल पेटत असेल, तर धूर वर भरतो. आधी धुराडे छपराबाहेर काढा, मगच वर माणूस झोपवा. माळ्यावर चिमणी, मेणबत्ती नको. विजेची तार जाणत्या माणसाकडून नळीतून न्या.

स्लॅब का नको?

कोणी म्हणेल, "एवढी खटपट कशाला? स्लॅब टाका." भिंत आणि पाया त्या वजनाचा असेल, तर जरूर टाका. पण जुन्या दगडमातीच्या भिंतीवर वजन चढवू नका.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी गाव जमीनदोस्त झाले. तेथे दगडमातीच्या जाड भिंती होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. भिंती सुटल्या, माळवद खाली आले. हजारो माणसे झोपेतच गेली. छप्पर सावलीसाठी असते. ते भिंतीला पेलेल एवढेच असावे.

शेवटी काय झाले

काम पुरे व्हायला पावसाळा गेला. तोवर उघड्या भागावर ताडपत्री होती. दोनदा गळले. दिवाळीनंतर पत्रा चढला, खिडकी बसली. त्या खिडकीखाली आम्ही शाळेच्या जुन्या बाकासारखे एक बाक करून घेतले. खर्च ठरवला त्याहून अधिक झाला. वाया गेलेल्या कौलांचे आणि दुसऱ्यांदा लागलेल्या मजुरीचे पैसे आमच्या घाईच्या खाती मांडा.

नात तेथे बसून शिकली. खिडकीतून उसाचे फड दिसतात. उन्हाळ्यात दुपारी वर बसवत नाही, हेही खरे. पण सकाळी आणि रात्री वारा येतो. आता धाकटा नातू तिच्या बाकावर बसतो. आणि आमची खाट, पाहुणा आला तरी, घरातच राहते.

जागा नाही असे म्हणण्याआधी एकदा वर पाहा. आणि वर हात घालण्याआधी जाणत्याचे ऐका.

उत्तरे द्या

१. आढे खाली का बसले? तुमच्या शब्दांत सांगा.
२. नव्या भागावर कौले का चालत नाहीत?
३. एका घराची रुंदी १६ फूट आहे. माळ्यावर दोन्ही बाजूंना ५–५ फूट जागा ठेंगणी आहे. मधला पट्टा किती फूट रुंद राहिला?
४. माळ्यावर चार क्विंटल धान्य आहे. ५० किलोची किती माणसे त्या वजनाची होतील?
५. टेप घेऊन आपल्या माळ्याची भिंतीजवळची आणि मधली उंची मोजा. वहीत लिहा. पुढच्या वर्गात दाखवा.