पोलिसानं गाडी थांबवली, तर हात स्टिअरिंगवर

चांदवडजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर पोलिसानं हात दाखवला, की गाडी कडेला घ्यायची, कागदपत्रं काढायची आणि उतरून साहेबांपर्यंत चालत जायचं, ही इकडची रीत. अमेरिकेत मुरलेली मराठी कुटुंबं नव्यानं येणाऱ्याला आधी हीच सवय मोडायला लावतात. तिथे पोलिसाची गाडी मागून दिवे लुकलुकवत येते. चालकानं कडेला थांबून जागेवरच बसायचं, काच खाली घ्यायची, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा. आपणहून उतरून पोलिसाकडे निघालेला माणूस त्याला अंगावर येणारा वाटू शकतो. पोलिसानंच उतरायला सांगितलं, तर मात्र उतरावं लागतं; सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये त्याला तो अधिकार दिला आहे.

पिस्तुलाचा प्रश्न याहून नाजूक. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्यानं ते बाळगायला मनाई आहे. शिकारीचा परवाना असे मोजकेच अपवाद. नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला परवाना तिथे चालत नाही.

ग्रीन कार्ड मिळालं तरी नियम राज्यागणिक बदलतात. पोलिसानं थांबवल्यावर पिस्तूल जवळ असल्याचं नॉर्थ कॅरोलिनात परवानाधारकानं आपणहून सांगायचं, मिनेसोटात विचारल्यावर. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेनं न्यू जर्सीत पोलिसाला स्वतःच पिस्तुलाची माहिती दिली आणि तिलाच अटक झाली, कारण तो परवाना तिथे ग्राह्य नव्हता. गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी २०१५ मध्ये तिला माफी दिली.

फिलँडो कॅस्टिलची हकिगत तर प्रत्येकानं वाचावी. ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फॉल्कन हाइट्स. परवाना होता, पिस्तूल जवळ असल्याचं त्यानं शांतपणे सांगितलं. तो पिस्तूल काढतोय असं वाटून पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी ज्यूरीनं पोलिसाला निर्दोष ठरवलं. कॅस्टिलनं जीव जावा असं काहीच केलं नव्हतं, म्हणूनच ही घटना इतकी जिव्हारी लागते.

म्हणून जुनेजाणते क्रम घोटून घेतात: दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं दिसतील असे. 'माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, मी काय करू?' एवढंच बोलायचं. सुरुवात 'गन' या शब्दानं नको. पोलीस सांगेल तेव्हाच, सांगेल तोच हात हलवायचा. लायसन्स आणि विमा पिस्तुलाच्या कप्प्यात कधीच ठेवू नयेत.

आई-वडील भेटीला आले असतील, तर त्यांनाही निघण्यापूर्वीच सांगावं: पासपोर्टसाठी पिशवीत हात घालायचा नाही, आणि मुलाची बाजू मांडायला खाली तर मुळीच उतरायचं नाही.