जुनी गाडी आणि नवे पेट्रोल

६ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या बंगळुरूतच ‘ई-२०’ पेट्रोलचा शुभारंभ झाला. यात २० टक्के इथेनॉल असते. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले, त्यात महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. इथेनॉल उसापासून बनते. त्यामुळे शेतकऱ्याचा फायदा होतो आणि तेलाची आयात घटते. मग जुन्या गाडीला त्रास का होतो?

इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी मर्यादेपलीकडे वाढले, की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. तिथे पत्र्याची टाकी आतून गंजते. गंजाचे कण फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात व गाडी आचके देते. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, पुढे तडकतात. अशी नळी गरम इंजिनावर ठिबकली, तर आग लागू शकते.

माझ्या आजोबांची गाडी १९९६ सालची, कार्बोरेटरची आहे. पावसाळ्यात ती महिनाभर उभीच असते. म्हणून सुट्टीत मी त्यांना चार कामे लिहून दिली : इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे, फिल्टर वेळेवर बदलणे, टाकीचा तळ तपासून घेणे आणि दर आठवड्याला गाडी चालवणे. पेट्रोलचा वास आला, तर किल्ली फिरवायची नाही. आधी मेकॅनिकला बोलवायचे.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर या सुट्टीत बॉनेट उघडून नळ्या नक्की पाहा.